हाताने केलेले दागिने विकायचे आहेत? पुण्यातल्या पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

सहकारनगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी पहिला खणाचा नेकपीस केला, त्याला आता सात वर्षं झाली. मैत्रिणीच्या बहिणीने तो दीडशे रुपयांना घेतला आणि त्या दिवशी मी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. पुढचे आठ महिने त्याच भावाने विकत राहिले. दिवाळीनंतर वहीत सगळं मांडलं, तेव्हा दिसलं की मण्यांचे, डब्यांचे आणि रिक्षाचे पैसे निघाले होते. रोज चार-पाच तास मान मोडून बसले, त्याचे काहीच निघाले नव्हते. हातात उत्तम कला असूनही दोन वर्षांत काम गुंडाळलेल्या कितीतरी जणी मी जवळून पाहिल्या आहेत. बहुतेकींचं दुखणं हेच होतं. म्हणून खाली किमतीच्या पायरीला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. घाई असेल तर आधी चौथा मुद्दा वाचा.

१. एक माध्यम, सहा डिझाइन

सुरुवातीला सगळंच करावंसं वाटतं. खण, टेराकोटा, रेझिन, क्विलिंग, ऑक्सिडाइज्ड. प्रत्येकाचं सामान वेगळं आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकून पडतात. पहिल्या वर्षी एकच माध्यम घ्या, त्यात सहा डिझाइन आणि प्रत्येकाचे तीन रंग. एकच नग वीसदा केला की हात बसतो. माझा पहिला नेकपीस तीन तासांत झाला होता. आता तसाच सव्वा तासात होतो आणि टाकाही सरळ पडतो.

माध्यम ठरवण्याआधी नुसतं पाहायला म्हणून तुळशीबागेत एक फेरी मारा. तिथे शंभर-दीडशेला ढिगाने जे मिळतं, त्याच्याशी घरी बसून भावात बरोबरी होणार नाही. तिथे जे मिळत नाही ते तुमचं काम: साडीच्या काठाशी जुळवलेला रंग, गळ्याच्या मापाची लांबी, नाक न टोचलेल्यांसाठी नीट बसणारी चापाची नथ, आणि तुटलं तर दुरुस्ती.

पारंपरिक नावं वापरणार असाल तर ती नीट माहीत असू द्या. ठुशी गळ्याशी बसणारी, गोल मण्यांनी भरलेली, चिंचपेटी पेट्यापेट्यांची, तन्मणीत मोत्यांच्या सरांना मधोमध खोड, म्हणजे पदक असतं. इथल्या आजी-काकू नग हातात घेऊन लगेच सांगतात की ही ठुशी नव्हे. त्यांचं ऐकून घ्या, त्यातून खूप शिकायला मिळतं. ओवणं-गाठवणं शिकायचं असेल तर पेठांमध्ये अजून पटवेकरी आहेत. गर्दी नसताना गेलात, नम्रपणे विचारलंत, तर बघू देतात.

२. सुरुवातीला लागणारी हत्यारं

- गोल नाकाची एक पक्कड, चपट्या नाकाच्या दोन, आणि एक कटर
- मोजपट्टी आणि साधा व्हर्नियर कॅलिपर
- ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- बारीक सुया, पक्का दोरा आणि दोरा ओढून घ्यायला मेणाचा तुकडा
- पांढऱ्या उजेडाचा टेबललॅम्प
- कप्प्यांचे डबे
- एक जाड वही

चपट्या पकडी दोन का, ते सांगते. जंप रिंग उघडताना तिची टोकं दोन बाजूंना फाकवली की गोलाई जाते आणि ती पुन्हा कधी नीट मिटत नाही. दोन पकडींत धरून एक टोक पुढे, एक मागे असं वळवायचं, आणि बंद करताना तसंच उलट. कानातलं हरवल्याच्या निम्म्या तक्रारी या एका सवयीने माझ्याकडे थांबल्या.

ग्लू गनवर विसंबू नका. एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत नग राहिला तर तो गोंद मऊ पडतो आणि खडे निखळतात. चिकटवायचंच असेल तर कापडाचा गोंद लावा आणि वरून टाका घाला.

३. खरेदी: रविवार पेठ आणि बोहरी आळी

मणी, हूक, साखळ्या, डब्या, पाउच हे बहुतेक सगळं रविवार पेठेत आणि बोहरी आळीत घाऊक भावाने मिळतं. पहिल्यांदा जाताना खिशात ठरावीक रक्कम घेऊन जा; मी नव्या मुलींना पाच हजारांच्या वर नको म्हणते. दुकानात शिरल्यावर सगळंच हवंसं वाटतं, आणि सात वर्षांपूर्वी घेतलेली जांभळी काचमणी माझ्याकडे अजून तशीच पडून आहे.

काही गोष्टी तिथे गेल्यावरच कळतात, त्या आधी सांगते. मणी लडीच्या हिशेबाने मिळतात, हूक आणि रिंगा बऱ्याचदा ग्रॉसने. एक ग्रॉस म्हणजे १४४ नग. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक, आणि गेजच्या पद्धतीही एकाहून जास्त आहेत, त्यामुळे जाडी मिलिमीटरमध्येच मागा. कानातल्या हूकला साधारण ०.८ मिलिमीटरची तार बरी. त्याहून बारीक वाकते, जाड कानाला टोचते.

पर्समध्ये छोटं लोहचुंबक ठेवा. पितळेचा म्हणून दिलेला मणी त्याला चिकटला, तर आत लोखंड आहे आणि पावसाळ्यात तो गंजणार. दुकानदार याचा राग मानत नाहीत, उलट पुढच्या वेळी चांगला माल आधी दाखवतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक लॉटची. सोनेरी मुलाम्याची छटा लॉटगणिक बदलते. आज घेतलेली साखळी आणि महिन्याने घेतलेले मणी शेजारी ठेवले की एक पिवळट, एक तांबूस. म्हणून एका डिझाइनचं सगळं धातूकाम एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्या, बिल घ्या आणि वहीत तारीख टाका. खणाचंही तसंच. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तो मीटरने घ्या, पण काठ आणि बुट्टी आपल्या नगाच्या आकारात बसते का ते कागदाचा साचा ठेवून दुकानातच बघा. मोठी बुट्टी लहान पदकात अर्धीच येते.

४. किंमत

इथे सावकाश जाऊ. माझ्या खणाच्या सेटचा, म्हणजे नेकपीस आणि कानातले, हिशेब असा:

- सामान: ८२ रुपये (खण, बेस, मणी, गोंडा, हूक, दोरा, एकेक नोंदवून)
- डबी, पाउच, कार्ड: १८ रुपये
- माझा वेळ: सव्वा तास, तासाला १०० रुपये धरून १२५ रुपये
- एकूण: २२५ रुपये

यावर १५ टक्के म्हणजे ३४ रुपये मी वरखर्चाचे धरते. बिघडलेले नग, वीज, रिक्षा, नमुन्याचे तुकडे यांचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत. झाले २५९. हा माझा पडता भाव. त्यावर २५ टक्के नफा, साधारण ६५ रुपये. झाले ३२४.

बहुतेक जणी इथे थांबतात आणि ३२५ ला विकायला लागतात. घरून विकलं तोवर ठीक चालतं. मग एखादं दुकान म्हणतं, ठेवते तुमचा माल, ३० टक्के कमिशन. ३२५ मधून ३० टक्के गेले की हातात येतात २२७ रुपये ५० पैसे, आणि पडता भाव आहे २५९. म्हणजे प्रत्येक नगामागे खिशातून गेले. दुकानासाठी किंमत वाढवावी, तर जुनं गिऱ्हाईक विचारतं की तुमच्याकडे ३२५ ला मिळतं ते तिथे जास्त का, आणि दुकानदारही दुखावतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून विकण्याचा खर्च किमतीत धरा. ३२४ ला ०.७ ने भागलं की ४६३ येतात. मी ४६० लावते, आणि घरी, स्टॉलवर, दुकानात सगळीकडे ४६०. घरून विकलं की जास्तीचे पैसे उरतात. त्यातून स्टॉलचं भाडं निघतं, आणि एखाद्या जुन्या ताईंना राखीपौर्णिमेला सूटही देता येते.

तासाचा दर १००च का, तर मी तेवढा धरला. तुमचा तुम्ही ठरवा, पण शून्य धरू नका. "घरीच तर बसलेली असते" असं घरचे म्हणतील. उद्या ऑर्डर वाढल्या आणि शेजारच्या मुलीला हाताशी घेतलंत, तर तिला तासाचे पैसे द्यावेच लागतील. ते आजच्या किमतीत नसतील, तर तुम्ही कधीच मदतनीस ठेवू शकणार नाही. मला हे कळायला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत माझी पाठ कायमची धरली.

वेळ अंदाजाने लिहू नका. फोनवर घड्याळ लावून सलग दहा नग करा आणि दहाने भागा. कापणं, इस्त्री, फोटो, पॅकिंग हेही त्यात धरा.

भाव करणाऱ्यांसाठी एक सल्ला. किंमत कमी करण्याऐवजी नग बदला. "तीनशेपर्यंत हवं असेल तर हे फक्त पदक आहे, साध्या दोऱ्यात" असं म्हणून दुसरा नग पुढे करा. किंमत एकदा खाली आणली की ती व्यक्ती पुढच्या वेळी पाच मैत्रिणींना घेऊन त्याच भावाने मागायला येते.

५. कागदपत्रं

एकटीने किंवा एकट्याने करायच्या कामाला प्रोप्रायटरशिप पुरते. जवळ हे असू द्या:

- मोबाइलशी जोडलेलं आधार
- पॅन
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- घराचं वीजबिल. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. ही पद्धत १ जुलै २०२० पासून आहे, पूर्ण ऑनलाइन आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. आधार आणि पॅनचे तपशील भरले की प्रमाणपत्र मिळतं. व्यवसायाचा कोड विचारतात तिथे इमिटेशन दागिन्यांसाठी ३२१२ या वर्गातला निवडा. सोन्या-चांदीच्या दागिन्यांचा वर्ग ३२११ आहे. सापळा असा की शोध घेतला की सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट वर येतात. मी पहिल्या वर्षी अशाच एका साइटवर दीड हजार रुपये भरले. पत्त्याच्या शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" आहे का ते पाहा. पैसे मागितले की लगेच बाहेर पडा.

शॉप अ‍ॅक्टचं लोक उगाच दडपण घेतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या जागेला नोंदणी लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र दाखवलं की बँकेत चालू खातं उघडायला सोपं जातं. ते खातं नक्की उघडा. घरच्या किराण्याचे आणि मण्यांचे पैसे एकाच खात्यात असतील, तर वर्षाअखेरीला काहीच उलगडत नाही.

जीएसटीबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. विक्री महाराष्ट्रातच असेल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर फक्त माल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल पाठवला की एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते; हस्तकलेच्या ठरावीक यादीतल्या वस्तूंना मात्र २० लाखांपर्यंत सूट आहे, आणि हाताने केलेले इमिटेशन दागिने त्या यादीत आहेत. पण या सुटीखाली परराज्यात पाठवताना रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागतं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर नोंदणीशिवाय राज्यातल्या राज्यात विकण्याची मुभा १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली आहे; त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी केलीत तर इमिटेशन दागिन्यांवर कर ३ टक्के. परराज्यातल्या ऑर्डर नियमित यायला लागल्या की एकदा सीएकडे बसून घ्या, तासाभराची फी वसूल होते.

ब्रँडचं नाव जपायचं असेल तर दागिन्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग १४. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे. पहिल्याच महिन्यात याची गरज नाही, पण पाट्या आणि डब्या छापण्याआधी ते नाव दुसऱ्या कोणाचं नाही ना, हे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर मोफत शोधून घ्या.

६. जे आहे तेच सांगा

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. गिऱ्हाइकाला हे आपणहून सांगा आणि कार्डावर छापा. निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते, कान लाल होतात, पाणी येतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीला असा त्रास झाला तेव्हापासून कानात जाणारा भाग मी ९२.५ चांदीचा किंवा सर्जिकल स्टीलचा वापरते आणि तो फरक किमतीत धरते.

चांदीचे नग म्हणून विकणार असाल तर शुद्धतेचा आकडा बिलावर लिहा. सोन्याला हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा अक्षरं-अंकांचा सहा खुणांचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे, त्यामुळे सोन्यात हात घालण्याआधी तो सगळा व्यवहार वेगळा समजून घ्या. "वन ग्राम गोल्ड" हे शब्द वापरलेत तर हा मुलामा आहे हे त्याच ओळीत लिहा.

७. विकायचं कुठे

आधी सोसायटी आणि महिला मंडळ, मग प्रदर्शन, मग दुकान. ऑनलाइन या सगळ्यांबरोबर चालू राहतं.

प्रदर्शनाचं भाडं भरण्याआधी आकडेमोड करा. दोन दिवसांचं भाडं ३,००० असेल आणि ४६० च्या सेटमागे पडता भाव वजा जाता २०१ रुपये उरत असतील, तर नुसतं भाडं निघायला १५ सेट विकले गेले पाहिजेत. आयोजकांना हे विचारा: टेबल आणि दिवा भाड्यात आहे का, स्टॉल दारापासून किती आत आहे, आणि दागिन्यांचे एकूण स्टॉल किती. शेवटचा प्रश्न विसरू नका. एका हॉलमध्ये चाळीस स्टॉलांपैकी बावीस दागिन्यांचे होते, आणि दोन दिवसांत माझे चार सेट गेले. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तिथे बचत गटांना मोठं स्थान असतं, त्यामुळे गटातून काम करत असाल तर काही महिने आधीच चौकशी सुरू करा. पहिल्यांदा स्टॉल लावण्याआधी तिथे एक अख्खा दिवस गिऱ्हाईक म्हणून फिरा.

दुकानात माल ठेवताना लेखी यादी हवीच. एका ओळखीच्या दुकानात मी ४२ नग विश्वासावर ठेवले. पाच महिन्यांनी १७ काळवंडलेले परत आले, उरलेल्यांचा हिशेब आजतागायत लागला नाही. आता दोन प्रती करते: नग, किंमत, कमिशन, दर महिन्याच्या हिशेबाची तारीख, खराब झाल्यास भरपाई कोणाची. दोघांच्या सह्या होतात, एक प्रत माझ्याकडे राहते. सही करायला टाळणाऱ्या दुकानात माल ठेवत नाही.

इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर विकताना दागिना गळ्यात घातलेला एक फोटो आणि पट्टीशेजारी ठेवलेला एक फोटो द्या. "वाटला त्यापेक्षा लहान आहे" ही तक्रार पट्टीने थांबते. रंग खिडकीजवळ सकाळच्या उजेडात खरे येतात. पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा: यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही, स्वतःच्या खात्यात जमा झालेलं पाहा; आणि पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, कोड स्कॅन करा, अ‍ॅडव्हान्स मिळेल" असं म्हणणारे फोन नव्या विक्रेत्यांना हमखास येतात.

८. पावसाळा आणि पॅकिंग

जून ते सप्टेंबर धातूचे नग उघडे ठेवू नका. झिपच्या पाउचमध्ये हवा काढून, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. चांदीला रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. खण आणि गोंडे पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पॅक करू नका, नाहीतर बुरशीचा वास धरतात.

कुरियरला पुठ्ठ्याचा कडक डबा लागतो. कानातल्यांचे हूक मऊ पाकिटात वाकूनच पोचतात. डबीवर तुमचं नाव-पत्ता, वस्तू आणि नग, करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन छापा.

९. हंगाम मागून मोजा

गौरी-गणपतीसाठी काम आषाढातच सुरू करा, कारण श्रावणात मंगळागौरीच्या ऑर्डर मध्ये येतात. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि तेव्हाच संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची तयारी लागते. पुण्यात हा एक स्वतंत्र धंदाच आहे. नव्या सुनेला मुकुट, नथ, मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा. जावयाला हार आणि नारळ. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, हार आणि बासरी. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाणं चालतात, त्यामुळे संक्रांत झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे मागणी राहते.

हलवा सादळतो. काम नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत, दुपारी करा आणि तयार नग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्यांपासून दूर. मी ऑर्डर ५ जानेवारीला बंद करते. एकदा १२ तारखेपर्यंत घेत राहिले आणि रात्री जागून केलेल्या मुकुटाचे दाणे दारातच गळले. त्या ताईंचे पैसे परत दिले, पण त्यांच्या सुनेची पहिली संक्रांत परत देता आली नाही.

बाळाच्या सेटला गोंद अजिबात नको, कारण बाळ तो तोंडात घालणारच. सगळे दाणे दोऱ्याने शिवा, टाचणी किंवा काचेचा मणी वापरू नका आणि देण्याआधी एकेक दाणा बोटाने ओढून बघा. मोठ्यांच्या सेटला गोंद वापरला असेल तर डबीवर "खाण्यासाठी नाही" असं ठळक लिहा. आणि बाळाच्या मनगटाचं माप आईकडून त्याच आठवड्यात घ्या. महिन्यापूर्वी सांगितलेलं माप तोवर लहान झालेलं असतं.